अनंतावरची शिंगवाली अळी आणि गच्चीतला 'हमिंगबर्ड'

आधी प्रश्न काय होता ते सांगते, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांचा गोंधळ नको. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर गच्चीत साठेक कुंड्या आहेत. संध्याकाळी सहाच्या सुमाराला इक्झोरावर एक इवलासा पक्षी येतो, हवेत एका जागी थांबतो, लांब चोचीने मध पितो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गायब. आई म्हणते हा हमिंगबर्ड. शेजारचे काका म्हणतात भुंगा आहे, चावेल, हाकला. तर हा रोज यावा म्हणून काय लावू? आणि मग शेवटच्या ओळीत, जाता जाता विचारल्यासारखं, की अनंताच्या कुंडीत हिरव्या, शेपटीला शिंग असलेल्या अळ्या झाल्यात, आठवड्यात अर्धं झाड फस्त केलं, कुठलं औषध मारू? सोबत त्या 'पक्ष्या'चा व्हिडिओ आणि अनंतावरच्या अळ्यांचे फोटो.

तुम्ही हे दोन प्रश्न म्हणून विचारलेत. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. तुमच्या इक्झोरावर संध्याकाळी जो येतो ना, तोच लहानपणी तुमच्या अनंतावर बसून पानं खात होता. म्हणजे नेमका तोच नग नसेल, पण जात तीच. तुम्ही एका हाताने पाहुण्याला जेवायला बोलावताय आणि दुसऱ्या हाताने त्याच्या पोरांना औषध मारायचं विचारताय. म्हणून घाई न करता सविस्तर लिहिते, लांबलं तर चालवून घ्या.

माझं काम सांगायचं तर वाईजवळ माझी छोटी रोपवाटिका आहे, एकोणीस वर्षं झाली. कीटकशास्त्र मी शिकलेले नाही. पण अनंत, तगर, इक्झोरा, मधुमालती हीच माझी रोजची रोजीरोटी, आणि या झाडांवर ज्या अळ्या येतात त्या कोणाच्या हे कळल्याशिवाय धंदा होत नाही. सुरुवातीची चार-पाच वर्षं दिसली अळी की मार फवारा असंच चालायचं. नंतर एकेक अळी बरणीत पाळून बघायची सवय लागली, ती आजतागायत सुटलेली नाही, घरचे वैतागतात.

आता तो पक्षी. हमिंगबर्ड नाही तो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत, उत्तरेला अलास्कापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत, भारतात एकही जात नाही. व्हॉट्सॅपवर 'आमच्या बागेत हमिंगबर्ड' म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यात बहुतेक वेळा एकतर शिंजीर असतो नाहीतर हा. शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी, जांभळा शिंजीर पुण्यात घरोघरी येतो. तो दहा सेंटिमीटरचा खराखुरा पक्षी, चोच कडक आणि वाकडी, थोडं हवेत फडफडतो पण शक्यतो फांदीला धरून, उलटं लटकून मध पितो, आणि सतत काहीतरी चिवचिवत असतो. तुमच्या व्हिडिओतला आवाज नुसता घुर्र असा आहे. आणि एक गोष्ट नीट बघा, अकराव्या सेकंदाला तो फुलावरून मागे सरकतो तेव्हा ती 'चोच' गुंडाळली जाते, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी. चोच कधी गुंडाळता येते का हो? ती सोंड आहे. डोक्यावर दोन जाडसर मिशा आहेत त्या पण दिसतात. हा पतंग आहे. पतंग म्हणजे रात्री दिव्यावर येतात ते, फुलपाखरांची चुलत भावंडं. या कुळाला हॉकमॉथ म्हणतात, त्यातले बहुतेक रात्री फिरतात आणि थोडे दिवसाढवळ्या.

तुमचा कुठला हे मी पंखांवरून ठरवलं. व्हिडिओ थांबवून बघितलात तर पंखातून मागचं पान आरपार दिसतं, काच लावल्यासारखं, फक्त कडा आणि शिरा काळपट. अंग मऊ, पोपटी-शेवाळी, पोटावर मध्येच एक गडद तांबूस-काळा पट्टा आणि शेवटाला काळ्या केसांचा झुबका, ब्रशसारखा. पंख पसरून पाच ते सात सेंटिमीटर. हा सेफोनोडस हायलस, इंग्रजीवाले याला कॉफी बी हॉकमॉथ म्हणतात कारण अळी कॉफीवर पण वाढते. काकांना भुंगा वाटला यात त्यांची काही चूक नाही, लांबून भुंग्यासारखाच दिसतो, पक्षी-सरडे पण फसत असणार. पण नांगी नाही, चावायला तोंडच नाही, तोंडाच्या जागी ती सोंड, आणि सोंडेने मध ओढण्यापलीकडे काही होत नाही. आईंना सांगा निवांत जवळ उभ्या राहा.

पंख आरपार नसते, तपकिरी असते आणि उडताना मागच्या पंखांचं पिवळं-नारिंगी चमकून गेलं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. ते मॅक्रोग्लॉसम, हॉकमॉथमधलेच दुसरे, तेही इकडे भरपूर, त्यांच्या अळ्या बारतोंडीच्या जातीतल्या झाडांवर वगैरे असतात, अनंताशी त्यांचं काही घेणंदेणं नाही. म्हणजे दुसऱ्या कोणी हे वाचून 'माझ्याकडे पण येतो' म्हणाल तर आधी पंख बघा. मोबाईलवर स्लो मोशन असेल तर तोच लावा. युरोपात यांच्यातल्याच एका मॅक्रोग्लॉसमवर बरंच मोजमाप झालंय, तो सेकंदाला ७० ते ८० वेळा पंख मारतो. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे दिसणार नुसता धूर. सेकंदाला २४० चित्रं काढणाऱ्या स्लो मोशनमध्ये एका फटकाऱ्याची तीनेक चित्रं मिळतात, तेवढ्यात पंखाचा रंग कळतो.

अमेरिकेत असलेल्या मराठी मंडळींना मात्र हा वाद खरोखरच घालता येतो. माझी भाची न्यू जर्सीला असते, तिच्या अंगणात एकाच फुलझाडावर रुबी थ्रोटेड हमिंगबर्ड पण येतो आणि आपल्या या पतंगासारखाच आरपार पंखांचा तिकडचा हेमॅरिस पण. तिने पहिल्या वर्षी मला फोटो पाठवला की हमिंगबर्डचं पिल्लू आलंय. पिल्लू नव्हतं ते. हमिंगबर्डचं पिल्लू घरट्यातून बाहेर पडतं तेव्हा जवळजवळ आईबापाएवढंच झालेलं असतं.

बरं आता अळी. शेपटीला एकच शिंग दिसलं की हॉकमॉथची अळी समजायची, या कुळाची ती खूणच आहे. तुमच्या फोटोतली हिरवी, बाजूने फिकट पांढरी रेघ आणि प्रत्येक वळीवर एक तांबडट ठिपका, ती तिची श्वास घ्यायची भोकं. अनंतावर, शिंगवाली, या रूपाची म्हणजे माझा रुपयातले नव्वद पैसे सेफोनोडसवर. उरलेले दहा पैसे मी हातात ठेवते कारण रंग एकसारखा नसतो, एकाच झाडावर हिरव्या आणि चांगल्या काळपट अशा दोन्ही मी काढल्यात, आणि फोटोवरून मी पूर्वी आपटलेली आहे. खात्री करायची तर पाळून बघायचं, दुसरा रस्ता नाही. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. शंभर वर्षांपूर्वी कारवारला वनखात्यात टी. आर. बेल म्हणून गृहस्थ होते, त्यांनी त्या जंगलातल्या हॉकमॉथच्या अळ्या पाळून पाळून कुठली कशावर वाढते ते टिपून ठेवलं, आणि १९३७ साली स्कॉट यांच्याबरोबर भारतातल्या सगळ्या हॉकमॉथवर जाडजूड ग्रंथ काढला. आपल्या गोव्याच्या खाली दीड-दोन तासांवर बसून केलेलं काम, अजून लोक तेच उघडतात.

शिंग विषारी नाही. मऊ असतं, बोटाने वाकवलं तर वाकतं. अंगावर केस असलेले सुरवंट वेगळे, त्यांनी खाज सुटते, त्यांना हात लावू नका. ही अळी गुळगुळीत, हातावर घेतली तर गार लागते आणि पायांनी चांगली घट्ट धरते.

ती फुलावर येणारी चीज आणि ही अळी एकच, हे मला पहिल्यांदा पटलं ते बरणीमुळे. जुलै महिना होता, अनंताच्या रोपांवरून चार अळ्या काढून लोणच्याच्या काचेच्या बरणीत ठेवल्या, तोंडाला मलमलचं फडकं, रोज सकाळी ताजी पानं. अळीचा भस्म्या रोग काय असतो ते तेव्हा कळलं, शेवटच्या चार दिवसांत तिने आधीच्या दोन आठवड्यांत खाल्लं त्याच्या कितीतरी पट खाल्लं. मग एक दिवस खाणं बंद, रंग मातकट, आणि बरणीत गरगर फिरायला लागली. तळाला पालापाचोळा घातला होता, त्यात शिरून दोन पानं धाग्यांनी जोडून आत कोष केला. चौदाव्या दिवशी सकाळी बरणीत पतंग बसलेला, पण त्याचे पंख आरपार नव्हते! धुरकट, पावडर लावल्यासारखे. मला वाटलं हा दुसराच कोणीतरी. मग तो थंडी भरल्यासारखा थरथरायला लागला, हे लोक उडायच्या आधी असंच करतात, छातीचे स्नायू तापवून घेतात, गाडीचं इंजिन तापवतो तसं. थरथर वाढली, घुर्र झालं, आणि पंखांवरची ती सगळी पूड भुर्रकन उडाली. मिनिटभरात काचेसारखे पंख. बरणीच्या आतल्या बाजूला आणि खालच्या वर्तमानपत्रावर राखाडी धूळ, बोट फिरवलं तर बोटाला लागली. फडकं काढलं तर नाकासमोरून गेला. बाकी बहुतेक पतंग ती पूड आयुष्यभर पंखांवर बाळगतात, हा पहिल्याच उड्डाणात झटकून टाकतो. एकोणीस वर्षांत माझ्या रोपवाटिकेत बघितलेल्या गोष्टींत ही वरच्या नंबरात.

उरलेल्या तीनपैकी एकाचे पंख चुरगळलेलेच राहिले, ती चूक माझी होती, शेवटी सांगते. आणि एका कोषातून पतंग न येता माशीच्या अळ्या बाहेर आल्या. त्या अळीच्या मानेजवळ पांढरे बारीक ठिपके होते, मला वाटलं नक्षी आहे. ती माशीने चिकटवलेली अंडी होती. असे ठिपके, किंवा अळीच्या पाठीवर पांढरे तांदळासारखे दाणे दिसले तर ती अळी तशीच राहू द्या. ती वाचत नाही, पण त्यातून ज्या माश्या आणि बारीक गांधीलमाश्या निघतात त्या पुढच्या पिढीच्या अळ्या आटोक्यात ठेवतात. तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगलं काम करतात, ते पण फुकट. बुलबुल, दयाळ पण उचलतात. मोकळ्या बागेत दहा अळ्यांतल्या एक-दोनच पतंग होत असतील असा माझा अंदाज आहे.

तर मग औषध मारायचं की नाही? इथे मी सरळ हो-नाही सांगू शकत नाही, कारण सगळं झाड किती मोठं यावर आहे.

जमिनीतला अनंत असेल, कमरेएवढा किंवा वर, तर काहीही करू नका. पंधरा अळ्या असल्या तरी झाड मरत नाही. थोडं भुंडं दिसेल, तीन-चार आठवड्यांत पालवी येते, आणि पावसाळ्यात आली तर आधीपेक्षा दाट. पण तुमचा आहे दहा इंची कुंडीतला, फोटोवरून दीड-दोन फूट उंच. एवढ्या झाडाला दोन मोठ्या अळ्या पेलतात, तीन म्हणजे ताण, सहा म्हणजे काड्या उरतील. तुमच्याकडे किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. मोजायची सोपी युक्ती म्हणजे खाली बघायचं. यांच्या लेंड्या मिरीच्या दाण्याएवढ्या, उभ्या खाचा पडलेल्या, छोट्या पिंपासारख्या असतात. ओल्या हिरवट लेंड्या जिथे पडल्यात त्याच्या बरोबर वर फांदीला अळी असणार. पान धरून उलटी लटकलेली असते, पहिल्यांदा दिसत नाही, एकदा दिसली की मग सगळ्याच दिसतात. रात्री टॉर्चने अजून सोपं.

मोजल्यावर दोन ठेवा. बाकीच्या फांदीसकट कापून कुठेतरी न्या, ओरबाडू नका, पाय इतके घट्ट धरतात की ओढल्या तर फाटतात. सोसायटीच्या आवारात, एखाद्या बागेत, ओळखीच्यांच्या बंगल्यात मोठा अनंत असतोच. तगरीवर किंवा जास्वंदीवर सोडून 'जा आता' म्हणू नका, त्या उपाशी मरतील, यांचं जेवण ठरलेलं असतं. आणि जर झाड आजारातून उठलेलं असेल, नुकतं कुंडी बदललेलं असेल, किंवा ते अनंताचं झाड कोणाची आठवण म्हणून लावलेलं असेल, तर एकही ठेवू नका, सगळ्या हलवा. मला त्यात काही वाटत नाही. झाडावर प्रेम असणं हा काय गुन्हा नाही.

पानं गेलेल्या झाडाला एक चूक सगळे करतात, बिचारं म्हणून पाणी जास्त घालतात. पानंच नाहीत तर झाड पाणी ओढणार कशाने? मुळं कुजतात आणि झाड जातं, आणि नाव अळीचं. माती दोन पेरं खोल कोरडी झाली की मगच पाणी. खत पण पालवीचे टोक दिसेपर्यंत नाही.

हेही सांगून टाकते, तुमच्या फोटोत जी पानं शिल्लक आहेत ती पिवळी आणि शिरा हिरव्या आहेत. ते अळीचं काम नाही. ते बोअरचं पाणी. अनंताला आंबट माती लागते, जड पाण्याने माती उलटी होते आणि लोह उचलता येत नाही. टँकर किंवा बोअर असेल तर पावसाचं पाणी साठवून घाला, चीलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतूनही झाडाला उचलता येईल असं लोह, मिळतं ते पॅकेटवर लिहिलंय तेवढंच द्या. माझ्याकडे अनंत परत घेऊन येणाऱ्या दहा जणांतल्या सात जणांचा रोग हा असतो आणि सातही जण अळीला शिव्या घालत येतात.

औषधांबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. निमतेल लहान अळ्यांना रोखतं, करंगळीएवढ्या झालेल्यांना फारसा फरक पडत नाही, वर पानांवर दुपारच्या उन्हात मारलं तर पानंच करपतात. बीटी नावाच्या जिवाणूची पावडर अळ्यांनाच मारते, मधमाश्यांना नाही, हे खरं, पण कुठल्या अळ्या हे ती विचारत नाही, शेजारच्या कढीपत्त्यावरच्या लिंबाळी फुलपाखराच्या अळ्या पण जातील. आणि ते जे दुकानदार 'एकदा मातीत घाला, तीन महिने बघायला नको' म्हणून देतो, इमिडाक्लोप्रिडसारखं, ते झाडाच्या रसात चढतं, पानात जातं, आणि फुलाच्या मधात पण उतरतं. तुम्ही ते इक्झोराला पांढऱ्या माशीसाठी घातलं असेल तर तुम्ही ज्याची रोज सहाला वाट बघता त्याच्या ताटात ते घातलंय. मी साधुसंत नाही. मीही काही वर्षं वापरलंय, विक्रीच्या रोपांना पानाला भोक चालत नाही गिऱ्हाईकाला, हे कबूल. आता फुलझाडांना बंद केलंय. पण बाहेरून रोप आणलंत तर ते आधी कशाने धुतलंय हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून नवं रोप आणलं की पहिला बहर मी काढून टाकते.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: पाहुणा म्हणजे सेफोनोडस पतंग, अळी बहुतेक त्याचीच, निरुपद्रवी, दोन ठेवा बाकी हलवा, विष नको, पाणी कमी. आता तुमचा मूळ प्रश्न, रोज यावा म्हणून काय लावू.

गंमत अशी की अर्धं उत्तर तुमच्याकडे आधीच आहे. इक्झोरा. बारीक लांब नळीची फुलं, झुपक्यात, बसायला जागा नसली तरी चालते. याला बसायचंच नसतं. एका झुपक्यात चाळीस-पन्नास फुलं, एकेका फुलात मधाचा कण, आणि हा हवेत थांबून एकेकात सोंड घालत जातो. इतक्या जोरात पंख मारायचे म्हणजे पेट्रोल किती लागत असेल, म्हणून त्याला सुटं एखादं फूल परवडत नाही, दाट झुपका लागतो. माझ्याकडे क्रम असा आहे: इक्झोरा, पेंटास, घाणेरी, मग सदाफुली. घाणेरी मी मुद्दाम लावा म्हणणार नाही, रानात काय करून ठेवलंय तिने ते बघतोच आपण. पेंटास लावा, गुलाबी किंवा पांढरा, तीन कुंड्या शेजारी शेजारी. एक कुंडी इकडे एक तिकडे असं सजावटीला केलंत तर कमी येतो. दुहेरी पाकळ्यांची फुगीर हायब्रीड फुलं दिसायला छान, पण यांच्यासाठी बंद दुकान.

मधुमालती असेल कुठे चढवायला जागा तर जरूर. ती संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. पांढरी आणि वासाची असते ती रात्रीच्या हॉकमॉथसाठी, नळी इतकी लांब की बाकी बहुतेकांची सोंड तळापर्यंत पोचत नाही. निशिगंध, सोनटक्का, बुचाचं फूल, सगळी त्याच पंगतीतली: पांढरं, रात्री वास, लांब देठासारखी नळी. गावाकडे कोणाची देशी पपई असेल, नराचं झाड वेगळं मादीचं वेगळं अशी, तर तिन्हीसांजेनंतर नराच्या फुलांपाशी उभं राहून बघा. पपईची फळधारणा बरीचशी या मंडळींच्या जिवावर चालते. हल्लीच्या बऱ्याच बाजारी जातींना गरज पडत नाही, त्यांचं एकाच फुलात भागतं.

ऑनलाइन ते लाल प्लास्टिकचे हमिंगबर्ड फीडर मिळतात. नका घेऊ. मी घेतला होता. पहिल्या दिवशी मुंग्या, दुसऱ्या दिवशी मुंग्या, तिसऱ्या दिवशी साखरपाणी आंबलं. पतंग समोरच्या पेंटासवर आला, फीडरकडे ढुंकून बघितलं नाही.

वेळेचं तुम्ही लिहिलंत की बरोबर सहा-सव्वासहाला येतो, तो तुमचा भास नाही. यांची आठवण चांगली असते, चांगली जागा सापडली की त्याच वेळेला त्याच फेरीत येतात. पण एखाद्या आठवड्यात आला नाही म्हणून धीर सोडू नका, जगतात किती, काही आठवडे. पुढचा यायला मधे खंड पडणारच. माझ्याकडे जून ते नोव्हेंबर चांगले दिसतात, उन्हाळ्यात क्वचित. पुण्यात थोडं मागेपुढे असेल. गच्चीतला पांढरा झगझगीत एलईडी रात्रभर चालू ठेवत असाल तर आठनंतर बंद करा, तुमच्या या दिवसवाल्याला त्याने फार फरक नाही पण निशिगंधावर येणारे त्याचे भाऊबंद दिव्यालाच गिरक्या घालत रात्र काढतात आणि सकाळी पाल.

गच्चीवाल्यांची एक वेगळी अडचण आहे, ती जमिनीवाल्यांना नाही. अळी पोटभर झाली की झाडावरून उतरते आणि कोष करायला पालापाचोळा किंवा भुसभुशीत माती शोधत चालत सुटते. तुमच्याकडे खाली फरशी. सकाळी केर काढणाऱ्या मावशींच्या झाडूत जाते नाहीतर चपलेखाली. मातकट, सुरकुतलेली दिसते तेव्हा, लोकांना वाटतं आजारी आहे, उचलून फेकतात. म्हणून अनंताच्या कुंडीभोवती एक पसरट ट्रे ठेवा, त्यात चार बोटं कोकोपीट आणि वर सुकी पानं, पाणी नाही घालायचं, नुसता दमटपणा राहील एवढं. बऱ्याच तिथेच थांबतात. आणि कुंडीतली वाळकी पानं रोज वेचून लख्ख करायची सवय असेल तर पावसाळ्यापुरती मोडा.

आणि मावशींना सांगून ठेवा. माझ्याकडे कामाला येतात त्या मावशींना मी एकदा बरणीतली दाखवली, आता त्याच मला हाक मारतात, 'वहिनी, तुमची शिंगवाली उतरली.'

एखादी स्वतः पाळून बघायची असेल आईंना दाखवायला, तर मोठी बरणी, मलमलचं फडकं, अनंताची ताजी पानं, रोज लेंड्या काढून तळ कोरडा, बुरशी धरू द्यायची नाही. पानं मात्र औषध न मारलेल्या झाडाचीच, विकत आणलेल्या नव्या रोपाची नको. आणि बरणीत तळापासून तोंडापर्यंत एक खरखरीत काडी तिरकी टेकवून ठेवा. मघाशी म्हटलं ना एकाचे पंख चुरगळले, ते या काडीपायी. कोषातून निघाल्यावर त्याला वर चढून लटकायला लागतं, पंख खाली सोडून, तरच ते ताणले जातात. माझ्या त्या बरणीत काडी एकच होती आणि दोघं एकाच रात्री निघाले. पहिल्याने काडी धरली, दुसरा गुळगुळीत काचेवरून घसरत राहिला, मी सकाळी सहाला उठून बघेपर्यंत पंख तसेच वाळले होते. तो चार दिवस पेंटासच्या फुलावर ठेवला तिथे चालत चालत मध प्यायचा. तेव्हा काड्या दोन ठेवा, शक्यतो तीन.